मुठीएवढं दार

कामठीत किंवा नागपुरात फुटबॉलची मॅच असेल अशा एखाद्या संध्याकाळी मैदानावर थोडं लवकर जावं. खेळाडू अजून मोजे चढवत असतात, फक्कीच्या रेषा ताज्या असतात. पेनल्टीची खूण असते तिथे, गोलपासून ११ मीटरवर, उभं राहावं. दोन्ही हात समोर ताणावेत, अंगठा आणि करंगळी फाकवून दोन विती एकमेकींना टेकवाव्यात. त्या दोन वितींमागे अख्खा गोल जेमतेम झाकतो. मग तिथून चालत पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्यावर यावं आणि पुन्हा हात ताणून नुसती मूठ वळावी. आता तोच गोल एका मुठीमागे जातो.

गोल कुणी हलवलेला नाही. तो ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच आहे, तसाच आहे. तरी पेनल्टीच्या खुणेवरून तो डोळ्याशी ३७ अंशांचा कोन करतो, बॉक्सच्या पुढच्या रेषेच्या मध्यावरून २५ अंशांचा, आणि त्याच रेषेच्या टोकावरून अवघ्या १० अंशांचा. दहावीच्या त्रिकोणमितीवर हे गणित कुणालाही सोडवता येईल. मी ते वहीवर सोडवलं त्या दिवसापासून मला फुटबॉल वेगळा दिसायला लागला. रेषेच्या मध्यापासून तिच्या टोकापर्यंत वीसच मीटर आहेत, आणि त्या वीस मीटरांत डिफेंडर नावाच्या माणसाचा अख्खा पेशा मावतो. समोरून येणाऱ्या फॉरवर्डला हात लावायचा नाही, घाईने त्याच्या पायात पाय घालायचा नाही, सोबत पळत राहायचं आणि त्याला २५ अंशांवरून १० अंशांवर नेऊन सोडायचं. गुराखी जसा काठी न उगारता, जनावराच्या एका अंगाने चालत राहून त्याला वळवतो, तसं. प्रेक्षकांत कुणीतरी हळहळतं की फॉरवर्डने चेंडू उगाच बाहेर नेला. खरं तर कुणीतरी त्याला तिकडे हाकत नेलेलं असतं.

त्यासाठी उभं कसं राहायचं, यालाही एक रीत आहे. चांगला डिफेंडर छाती समोर काढून, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभा राहत नाही. तो तिरका असतो, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. कबड्डीत कोपऱ्यावरचा खेळाडू चढाई करणाऱ्याची वाट बघत जसा दबून उभा असतो, त्याच्या जवळचंच हे उभं राहणं. तिरकं उभं राहिल्याने एक बाजू बंद होते आणि दुसरी उघडी दिसते. उघडी बाजू अर्थातच बाहेरची, मुठीएवढ्या दाराकडे नेणारी. फॉरवर्डला वाटतं, वाट मिळाली.

आणि नजर? ती चेंडूवर खिळलेली नसते. अनुभवी बचावपटूंच्या डोळ्यांच्या हालचाली प्रयोगशाळेत टिपल्या गेल्या आहेत. एकास एक सामना असला की त्यांची नजर समोरच्याच्या कमरेवर जास्त वेळ रेंगाळते. पाय फसवतो, खांदा फसवतो, डोळे तर हमखास फसवतात. पण माणसाचं वजन कमरेत असतं, आणि कंबर वळल्याशिवाय त्याला कुठेच जाता येत नाही. माणसाला डोळ्यांनी काही दिसल्यापासून शरीर हलायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात वेगाने पळणारा फॉरवर्ड दीड मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून जो बघून मग पळतो, तो नेहमीच दीड मीटर मागे राहतो. डिफेंडरला घडण्याच्या आधीच बघावं लागतं. एवढी साधी गोष्ट शिकायला माणसाची दहा-बारा वर्षं जातात.

या पेशात नाव काढलेला आजचा मराठी माणूस म्हणजे राहुल भेके. जन्म मुंबईचा, ६ डिसेंबर १९९०. मुंबईच्या मैदानांवर घडला, मुंबई एफसीकडून खेळला, मग कोलकात्यात ईस्ट बंगालकडे गेला. २०१७ मध्ये बेंगळुरू एफसी, २०२१ मध्ये मुंबई सिटी, आणि २०२४ मध्ये पुन्हा बेंगळुरू. भारताच्या संघातून तो पहिला सामना खेळला ५ जून २०१९ रोजी, थायलंडमधल्या किंग्स कपमध्ये कुरासाओविरुद्ध. तेव्हा त्याचं वय होतं २८. फॉरवर्ड अठराव्या वर्षी चमकतात, एकविसाव्या वर्षी त्यांची पोस्टरं लागतात. डिफेंडर मात्र उशिरा पिकतो.

त्याच्या कारकिर्दीतल्या दोन तारखा मला फार विलक्षण वाटतात. १७ मार्च २०१८. इंडियन सुपर लीगची फायनल, बेंगळुरू विरुद्ध चेन्नईयिन, बेंगळुरूच्याच घरच्या मैदानावर. बेंगळुरूने नवव्या मिनिटाला आघाडी घेतली होती. ती पुसली चेन्नईयिनच्या मायल्सन आल्वेसने. हा ब्राझीलचा माणूस डिफेंडर, आणि त्याने दोन गोल केले, दोन्ही कॉर्नरवरून, दोन्ही डोक्याने. चेन्नईयिन ३–२ ने जिंकलं. भेके तेव्हा बेंगळुरूच्याच ताफ्यात होता. पुढच्याच महिन्यात सुपर कपची फायनल आली, समोर त्याचा जुना क्लब ईस्ट बंगाल. बेंगळुरू एका गोलने मागे असताना बरोबरी साधून दिली ती भेकेने, आणि तो सामना बेंगळुरूने ४–१ असा घेतला.

मग बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९. पुन्हा आयएसएलची फायनल, या वेळी मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, भेकेच्या स्वतःच्या गावात. समोर एफसी गोवा. ९० मिनिटं गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. १०५व्या मिनिटाच्या सुमारास गोव्याचा अहमद जाहूह दुसरं पिवळं कार्ड मिळून बाहेर गेला, तरी गोल नाही. पेनल्टी शूटआउटला तीन मिनिटं उरली होती. ११७व्या मिनिटाला दिमास देल्गादोने कॉर्नर घेतला आणि भेकेने तो डोक्याने आत ढकलला. बेंगळुरूचं ते पहिलं आयएसएल विजेतेपद. ज्या वाटेने एका वर्षापूर्वी घर लुटलं गेलं होतं, त्याच वाटेने ते परत आलं, तेही डिफेंडरच्याच डोक्यावरून.

हा योगायोग आहे का? तारीख योगायोगाची आहे, बाकीचं नाही. कॉर्नर मिळाला की उंच डिफेंडर आपलं घर सोडून समोरच्याच्या गोलपुढे का जातात, हे समजून घेण्यासारखं आहे. समजा एखादा खेळाडू उभ्या उभ्या ६० सेंटिमीटर उडी मारतो. तो हवेत राहतो साधारण ०.७ सेकंद. पण हा वेळ सारखा वाटला जात नाही. वर जाताना गुरुत्वाकर्षण त्याचा वेग खात जातं, माथ्याजवळ तो जवळजवळ थांबतो, मग खाली येताना वेग पुन्हा वाढतो. हिशोब केला तर हवेतला बरोबर निम्मा वेळ उडीच्या सर्वांत वरच्या चौथ्या हिश्शात जातो, म्हणजे वरच्या १५ सेंटिमीटरांत. त्यामुळे पाहणाऱ्याला तो हवेत टांगल्यासारखा दिसतो. समालोचक म्हणतात, ‘हवेत थांबला!’ तेव्हा ते काव्य करत नसतात, त्यांना दिसतं ते खरंच असतं.

म्हणजे हेडर जिंकण्यासाठी सर्वांत उंच उडी लागतेच असं नाही. तो एक तृतीयांश सेकंदाचा माथा आणि चेंडूचं येणं जुळवता आलं पाहिजे. आणि हे गणित कुणाचं सर्वांत पक्कं असतं? ज्याने वर्षानुवर्षं आपल्या गोलपुढे येणारे शेकडो चेंडू याच पद्धतीने परतवले, त्याचं. शिवाय आणखी एक गोष्ट. समोरच्या डिफेंडरला कुठला चेंडू नकोसा वाटतो, मागे वळून बघायला त्याला कधी वेळ मिळत नाही, हे दुसऱ्या डिफेंडरइतकं कुणाला ठाऊक असणार? कुलूप बनवणाऱ्यालाच कुलपाची कच्ची जागा माहीत असते.

११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये हेच पुन्हा घडलं. आशियातल्या चॅम्पियन क्लबांच्या स्पर्धेत मुंबई सिटी इराकच्या एअर फोर्स क्लबशी खेळत होती आणि एका गोलने मागे होती. दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी केली. ७५व्या मिनिटाला भेकेच्या डोक्याने २–१ केलं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३–१ ने हरवून मुंबई सिटीने आयएसएल जिंकली, तेव्हा कर्णधार भेकेच होता. आणि भारतासाठी त्याने पहिला गोल केला मार्च २०२५ मध्ये, शिलाँगला, मालदीवविरुद्ध. वय ३४. या वयात बहुतेक फॉरवर्ड समालोचनाच्या खुर्चीत बसलेले असतात.

डिफेंडरने गोल करून देशाला जिंकवण्याची आपली सर्वांत मोठी कहाणी मात्र जर्नेल सिंगची. १९६२, जकार्ता, आशियाई क्रीडा स्पर्धा. थायलंडविरुद्ध जर्नेलचं डोकं फुटलं, सहा टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी पुढच्या सामन्यांत त्याला बचावातून काढलं आणि चक्क सेंटर फॉरवर्ड केलं. टाके घातलेल्या डोक्याच्या माणसाला! उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. ४ सप्टेंबरच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध आधी पी. के. बॅनर्जींनी गोल केला, मग जर्नेलने. २–१, सुवर्णपदक. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याकडे आलेलं नाही.

जर्नेलला लोक स्टॉपर म्हणायचे. आपल्या मैदानांवर मधल्या डिफेंडरला अजूनही स्टॉपरच म्हणतात, आणि या शब्दाच्या पोटात शंभर वर्षांपूर्वीचा एक नियम लपलेला आहे. १९२५ पर्यंत ऑफसाइड होऊ नये यासाठी फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे तीन खेळाडू लागत. त्या वर्षी तीनाचे दोन केले. एवढासा बदल, पण इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये एका मोसमात १,१९२ गोल झाले होते, ते पुढच्या मोसमात १,७०३ झाले. बचाव उघडा पडला. तेव्हा आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मैदानाच्या मध्यात खेळणारा सेंटर हाफ मागे ओढून दोन बॅकच्या मधोमध उभा केला. त्याचं काम एकच, समोरून येणाऱ्याला थांबवणं. म्हणून स्टॉपर. कामठीच्या मैदानावर कुणी ‘स्टॉपर कोण खेळणार?’ असं विचारतो तेव्हा तो १९२५चा तो धक्काच उच्चारत असतो, हे मला कळलं तेव्हा अंगावर रोमांच आले.

तोच ऑफसाइड पुढे डिफेंडरचं हत्यार बनला. फॉरवर्ड गोलकडे सेकंदाला आठ मीटरने धावतोय आणि डिफेंडर त्याच क्षणी उलट दिशेला तीन मीटरने पुढे सरकला, तर एक पंचमांश सेकंदात दोघांमध्ये दोन मीटरांहून जास्त अंतर पडतं. चौघे डिफेंडर एका हाकेसरशी एक पाऊल पुढे टाकतात आणि फॉरवर्ड एकटाच मागे उरतो. सापळा रचायला एक पाऊल पुरतं. चुकलं तरी एकाच पावलाने चुकतं, आणि मग गोलकीपर एकटा असतो.

डोक्याची एवढी वाखाणणी केली, तर त्याची किंमतही सांगायलाच हवी. ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. २०१९ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू या खेळाडूंमध्ये सामान्य लोकांच्या साडेतीन पट होते. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार हिशोब मांडला. गोलकीपरांना सामान्य माणसापेक्षा वेगळा धोका आढळला नाही. सर्वांत जास्त धोका डिफेंडरांना, जवळपास पाचपट. गोलकीपर चेंडू हातांनी घेतो, डिफेंडर कपाळाने, फरक इथेच असणार असं मानलं जातं. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नये अशा मार्गदर्शक सूचना आल्या. आपल्या मैदानांवर दहा वर्षांच्या पोराला पावसाने भिजलेला चेंडू डोक्याने मारायला लावणारे दिसतात, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. कोन शिकवा, तिरकं उभं राहणं शिकवा, कमरेवरची नजर शिकवा. डोकं थांबेल, त्याला वेळ आहे.

आणि हे सगळं शिकवण्याची एक अजब शाळा नागपुरातच आहे. २००१ सालची गोष्ट आता ‘झुंड’ या सिनेमामुळे घरोघरी माहीत झाली. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली मुलं तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. त्याचं नाव झोपडपट्टी फुटबॉल. पुढे जगाने तो ‘स्लम सॉकर’ म्हणून ओळखला आणि २०१६ मध्ये ‘फिफा’ने त्याला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. इथली पोरं बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून खेळली. नागपूरचा अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओला भारताचा कर्णधार होता. हे सगळं अभिमानाचं आहेच, पण मला भुरळ पडते ती त्या खेळाच्या एका नियमाची, ज्याच्याबद्दल सिनेमा बघून आलेले लोक फारसे बोलत नाहीत.

हा विश्वचषक रस्त्यावरच्या फुटबॉलचा. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पहिल्यांदा भरला. मैदान २२ मीटर लांब, १६ मीटर रुंद. एका बाजूला चौघे, त्यांतला एक गोलकीपर. सात-सात मिनिटांचे दोन डाव. आणि नियम असा की मैदानात खेळणाऱ्या तिघांपैकी एकाने कायम समोरच्याच्या अर्ध्यातच राहायचं. तो बचावाला मागे येऊच शकत नाही. म्हणजे हल्ला तिघांचा आणि बचाव दोघांचा. कायम. चौदाच्या चौदा मिनिटं. मोठ्या मैदानावर डिफेंडर कमी पडले तर तो अपघात असतो, तिथे धावत कुणी मदतीला येतं. इथे कमी पडणं हाच नियम आहे, आणि मदतीला कुणी येणार नाही हे दोघांनाही आधीच माहीत आहे.

मग दोघं तिघांना कसे धरणार? ते धरतच नाहीत. दोन माणसं तिघांना धरायला गेली की तिघंही सुटतात. त्यांना ठरवायचं असतं, कुणाला सोडायचं. चेंडू सारखा हलत असतो, माणसं हलत असतात, आणि दर क्षणी त्या दोघांना न बोलता एकच उत्तर काढायचं असतं: या घडीला तिघांपैकी कुणाच्या डोळ्याला आपला गोल सर्वांत लहान दिसतोय? त्याला सोडायचं. उरलेल्या दोघांचा रस्ता बंद करायचा. चेंडू आपसूक त्या सोडलेल्याकडे जातो. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ तोच विचार करत राहिलो. बॉक्सच्या कोपऱ्यावर हात ताणून मूठ वळल्यावर जे दिसतं, ते इथे दोन पोरं पळता पळता, मोजपट्टीशिवाय, तिसऱ्या माणसासाठी मोजत असतात.

गेल्या पावसाळ्यात शहरात एका मोकळ्या जागेवर असाच खेळ चालला होता. विटांचे गोल, दोन्ही बाजूंना चिखल. एका बाजूला दोन पोरी बचावाला, समोर तीन पोट्टे. उंच पोरगी पुढे होती, दुसरी जरा मागे, तिरकी. मधल्या पोट्ट्याकडे चेंडू आला तशी मागची ओरडली, ‘त्याले सोड, कडेचा! मधल्याले धर!’ उंच पोरगी मधल्याच्या अंगावर गेली नाही, नुसती त्याच्या आणि गोलच्या मध्ये सरकली. कडेचा पोट्टा पार मोकळा होता. मधल्याने चेंडू त्याला दिला, आणि त्याने आनंदात, सगळा जोर लावून लाथ मारली. चेंडू विटेच्या बाहेरून गेला आणि पाण्याच्या डबक्यात पडला.

‘मोकळा होतो ना बे मी!’ तो पोट्टा कपाळावर हात मारत म्हणाला. मागची पोरगी चेंडू आणायला डबक्याकडे निघाली होती.